तिघांनी मिळून शिकवायचं म्हणजे काय करायचं?

वाचकाचं पत्र

मी पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवते. गेल्या सत्रापासून आमच्याकडे ‘शहर आणि माणूस’ हा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम सुरू झाला. इतिहास, साहित्य आणि तत्त्वज्ञान या विभागांनी तो मिळून शिकवायचा होता. आम्ही सत्राचे तीन भाग केले आणि आपापला भाग शिकवून मोकळे झालो. शेवटी मुलांचे निबंध वाचले आणि वाईट वाटलं. पहिल्या परिच्छेदात सनावळ्या, दुसऱ्यात एका कवितेचा आशय, तिसऱ्यात एका तत्त्वज्ञाचं मत. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एका मुलीने विचारलं, “मॅडम, कवितेतला उल्लेख तुमच्या उत्तरात पुरावा म्हणून चालेल का, की तो फक्त साहित्याच्या सरांसाठी?” मला उत्तर सुचलं नाही. त्याच आठवड्यात मी वर्गात म्हणाले की एका कादंबरीतला घटनाक्रम चुकीचा आहे, आणि ते साहित्याच्या सहकाऱ्यांना लागलं. मला भीती वाटते की यात मुलं कोणताच विषय धड शिकत नाहीत. ज्यांना अजून एका विषयाची पद्धत कळलेली नाही, त्यांच्यापुढे तीन विषयांची सरमिसळ ठेवावी का? मी यातून बाहेर पडावं का?
एक इतिहासशिक्षिका

उत्तर

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो त्या मुलीचा प्रश्न. कविता पुरावा म्हणून चालेल का, असं जिला विचारावंसं वाटलं, तिला या अभ्यासक्रमातून काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही तिघांनी पहिल्याच तासाला जे मांडायला हवं होतं, ते तिने सत्राच्या शेवटी आपणहून शोधून काढलं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बाहेर पडू नका. पण हा अभ्यासक्रम आहे तसा पुन्हा शिकवूही नका.

निबंध तुटक झाले, कारण अभ्यासक्रमच तुटक होता. विषयांची सांगड घालण्याचं काम शेवटी कोणाच्या वाट्याला आलं ते पाहा. ज्यांना त्या विषयांची सर्वांत कमी माहिती आहे त्यांच्या! तीन अनुभवी शिक्षकांनी एकत्र बसून जे केलं नाही, ते विद्यार्थ्याने एकट्याने निबंधात करून दाखवावं, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे. विषय शेजारी शेजारी मांडणं वेगळं आणि त्यांना एकमेकांच्या कामात हात घालायला लावणं वेगळं. १९७० मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे विद्यापीठीय शिक्षणातल्या याच प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला, त्यातले निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून शिक्षणाच्या चर्चेत हा फरक सर्वमान्य आहे. तरीही बहुतेक वेळापत्रकं पहिल्याच प्रकारची होतात. ती सोयीची असतात. कोणाला कोणाच्या तासाला बसावं लागत नाही, कोणाला दुसऱ्याचं वाचावं लागत नाही.

‘शहर आणि माणूस’ हा विषय फार ऐसपैस आहे. त्यात काहीही बसतं, म्हणून कशाची कशाशी गाठ पडत नाही. त्याऐवजी एक नेमका प्रश्न घ्या, ज्याचं पुरं उत्तर तुम्हा तिघांपैकी कोणालाही एकट्याने देता येणार नाही. शहर सोडायचं नसेल तर मी पोर्तुगालची राजधानी लिस्बन सुचवेन, आणि प्रश्न असा: १७५५ मध्ये लिस्बनमध्ये जे घडलं, त्याला जबाबदार कोण?

यावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या सगळ्या अडचणींची उत्तरं मला या एका उदाहरणात दिसतात.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चमध्ये गर्दी. भूकंपाचे धक्के काही मिनिटं चालले. त्यानंतर समुद्राच्या लाटा नदीच्या मुखातून शहरात शिरल्या आणि पाठोपाठ लागलेल्या आगी कित्येक दिवस जळत राहिल्या. युरोपातल्या एका श्रीमंत राजधानीचा मोठा भाग नाहीसा झाला. एवढं तर कोणीही सांगेल. तुमचं खरं काम यापुढे सुरू होतं. पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याने ठिकठिकाणच्या धर्मगुरूंकडे प्रश्नावली पाठवली. धक्के किती वेळ टिकले? समुद्र आधी चढला की ओसरला? जमिनीला भेगा पडल्या का? माणसं किती मेली? ही प्रश्नावली मुलांच्या हातात द्या. त्याच्याच शेजारी गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) धर्मोपदेशकाने १७५६ मध्ये काढलेली पुस्तिका ठेवा. तिचं म्हणणं असं की हा ईश्वराचा कोप आहे आणि लोकांनी प्रायश्चित्त घ्यावं. मंत्र्याचा रोष त्याला भोवला. १७६१ मध्ये धर्मन्यायालयाच्या निकालानंतर त्याला ठार मारण्यात आलं. संकट तेच आहे. एक कागद विचारतो ‘किती वेळ’, दुसरा विचारतो ‘कोणत्या पापामुळे’. हे दोन कागद एकाच शहरात, एकाच काळात कसे निर्माण झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो तुमच्याइतका नीट दुसरं कोणी शिकवणार नाही.

आता साहित्याचे सहकारी. फ्रेंच लेखक व्होल्तेरने या भूकंपावर लिहिलेली दीर्घ कविता १७५६ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘जे आहे ते सगळं ठीकच आहे’ या त्या काळच्या विचाराला तिचा विरोध आहे. आईच्या छातीवर चिरडलेल्या बाळांनी कोणता गुन्हा केला होता, असं ती विचारते. लिस्बन लंडन-पॅरिसपेक्षा जास्त पापी होतं का, असंही विचारते. मग १७५९ मध्ये हाच लेखक ‘कांदीद’ या कादंबरीत त्याच भूकंपाला हास्यास्पद प्रसंगांच्या मालिकेत आणून बसवतो. तीनच वर्षांत आक्रोशाचं उपहासात रूपांतर का झालं? पद्यात जे सांगता आलं ते गद्यात का नाही, आणि गद्यात जे साधलं ते पद्यात का नाही? कवीने इतक्या मृतांमधून बाळंच का निवडली? त्याला निर्विवाद निष्पाप बळी हवा होता, त्याशिवाय त्याचा आक्षेप उभाच राहत नाही. प्रतिमेची निवड हा इथे युक्तिवादाचाच भाग आहे. हे साहित्याचा शिक्षक दाखवू शकतो. तो नसेल तर मुलं ती कविता ‘भूकंपाचं हृदयद्रावक वर्णन’ म्हणून सोडून देतील.

तत्त्वज्ञानाच्या वाट्याला तर मोठंच घबाड आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने १७१० मध्ये मांडलं होतं की शक्य असलेल्या सर्व जगांमध्ये ईश्वराने निवडलेलं हे जग सर्वांत चांगलं. व्होल्तेरचा रोख या विचाराकडे आहे. ऑगस्ट १७५६ मध्ये तत्त्वज्ञ रूसोने व्होल्तेरला पत्र लिहून उत्तर दिलं. त्यातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं निसर्गाने तिथे गोळा केली नव्हती, माणसं विरळ वस्तीत आणि हलक्या घरांत राहिली असती तर हानी कितीतरी कमी झाली असती, असं तो म्हणतो. त्याच वर्षी जर्मन तत्त्वज्ञ कांटने भूकंपांवर तीन लेख लिहिले आणि पृथ्वीच्या पोटातली नैसर्गिक कारणं शोधली. त्याने सांगितलेली कारणं पुढे टिकली नाहीत, पण उत्तर कुठे शोधायचं याची दिशा त्या लेखांत स्पष्ट आहे.

रूसोच्या त्या मुद्द्यापाशी थांबा. तत्त्वज्ञानाच्या तासाला मांडला गेलेला तो दावा खरा की खोटा, हे तत्त्वज्ञान ठरवू शकत नाही. घरं किती मजली होती, वस्ती किती दाट होती, पडझड कोणत्या भागात जास्त झाली, हे कागदपत्रांतून आणि नकाशांतून पाहावं लागेल, म्हणजे मुलांना तुमच्याकडे यावं लागेल. तुम्ही आकडे दिलेत की प्रश्न पुन्हा तिकडे जातो: हानीत माणसाच्या बांधकामाचा वाटा होता हे मान्य केलं, तर दोष कोणाचा? बांधणाऱ्याचा, बांधू देणाऱ्याचा, की तिथे राहण्यावाचून पर्याय नसलेल्याचा? आणि व्होल्तेरच्या कवितेत बाळं आहेत पण मजले का नाहीत, हा प्रश्न पुन्हा साहित्याच्या दाराशी येतो. एका विषयाला दुसऱ्याची गरज पडते ती अशी. वर्गात ही गरज मुलांना प्रत्यक्ष दिसली पाहिजे.

आता तुमच्या विद्यार्थिनीला उत्तर देता येईल. कविता पुरावा म्हणून चालेल का? चालेल, पण कशाचा पुरावा ते तिने आधी सांगावं. व्होल्तेर भूकंपाच्या वेळी लिस्बनमध्ये नव्हता, जिनिव्हाजवळ राहत होता. तेव्हा मृतांची संख्या किंवा पडझडीचा तपशील यांसाठी त्याची कविता कुचकामी आहे. मात्र युरोपातल्या सुशिक्षित वाचकाला या बातमीने कसं हादरवलं आणि कोणते विचार डळमळीत झाले, यासाठी ती पहिल्या दर्जाचं साधन आहे. हे झालं इतिहासाचं उत्तर. साहित्याच्या अभ्यासकासाठी ती कविता दुसऱ्या कशाचा पुरावा असण्याआधी स्वतःच अभ्यासाची वस्तू आहे. तिच्यातली प्रत्येक ओळ अशीच का आहे, हे त्याला पाहायचं असतं. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक तिच्यातला युक्तिवाद वेगळा काढून तपासेल. तो कोणी, केव्हा केला याने त्याच्या खरेखोटेपणात फरक पडत नाही असं तो म्हणेल, आणि तिथे तुम्हाला हरकत घ्यावीशी वाटेल. घ्या. मुलांसमोर घ्या.

मुलं आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमात गोंधळतात, त्याचं सर्वांत मोठं कारण मला हेच दिसतं. प्रत्येक विषयात पुरावा कशाला म्हणायचं याचे नियम वेगळे असतात आणि ते नियम कोणी मोठ्याने सांगत नाही. एकाच विषयात वावरताना ते न सांगताही अंगवळणी पडतात. तीन विषय एकत्र आले की ते उघड करावेच लागतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात एका पानावर तुम्ही तिघांनी लिहून द्या: आमच्या विषयात चांगला प्रश्न कोणता, पुरावा कोणता, आणि उत्तर चुकलं असं आम्ही कशावरून म्हणतो. ते पान तयार करायला बसाल तेव्हा तुमचीच चर्चा रंगेल. पान अपुरं राहिलं तरी ते मुलांना द्या.

कादंबरीच्या घटनाक्रमावरून सहकारी दुखावले, तो प्रसंग दडपू नका. तुमचं निरीक्षण बरोबर असणार, पण ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर होतं. कादंबरीने तसा शब्द कधी दिलेलाच नव्हता. ‘कांदीद’मध्ये भूकंपानंतर पुन्हा धक्का बसू नये म्हणून माणसं जाळण्याचा विधी आयोजित केला जातो. असं खरंच झालं का, हे तुम्ही विचारणं योग्यच आहे. पण तिथून पुढे त्यांना विचारा: लेखकाने हे भूकंपाच्या लगेच पाठीला का लावलं असेल? त्यातून वाचकाच्या मनात कार्यकारणाची कोणती साखळी तयार होते? त्याच्या बदल्यात त्यांनाही तुमच्या साधनांना प्रश्न विचारू द्या. धर्मगुरूंनी पाठवलेल्या उत्तरांमध्ये निवेदक कोण आहे, तो कोणाला खूश करू पाहतो, कोणती वाक्यं सगळीकडे सारखी येतात आणि का? इतिहासाची कागदपत्रंही कोणीतरी, कोणासाठी तरी, ठरावीक घाटात लिहिलेली असतात. साधनचिकित्सेत तुम्ही हे करताच. साहित्याचा माणूस ते अधिक बारकाईने करेल, आणि त्याने तसं केलं तर तुम्हाला लागता कामा नये.

तुमच्या भीतीकडे वळते. मुलं कोणताच विषय धड शिकणार नाहीत ही शंका मी मोडीत काढणार नाही, कारण तीन ठिकाणची अवतरणं गोळा करून त्याला अभ्यास म्हणण्याचा धोका खराच आहे. ज्या कामांनी विषयांच्या सीमा ओलांडून खरोखर काही मिळवलं, त्यांत कुठला तरी एक विषय अतिशय पक्का असलेला दिसतो. इटालियन पंडित लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये कॉन्स्टन्टाइन सम्राटाचं तथाकथित दानपत्र बनावट असल्याचं दाखवलं. त्या दानपत्राच्या आधारे पोपच्या ऐहिक सत्तेचं समर्थन केलं जात होतं. वाल्लाने पकडला तो शब्द. रोमच्या अधिकाऱ्यांना ‘क्षत्रप’ ही इराणी सुभेदारांची पदवी लावणारी लॅटिन भाषा कॉन्स्टन्टाइनच्या काळातली असूच शकत नाही, हे त्याला कळलं, कारण लॅटिनवर त्याची असामान्य पकड होती. इतिहासातला मोठा प्रश्न भाषेच्या अभ्यासाने सुटला. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. नाणं हातोहात फिरताना झिजतं आणि हलकं होतं, या गोष्टीला संख्याशास्त्राची जोड देऊन त्यांनी चांदीच्या आहत (ठसे उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांच्या कालक्रमाचा अभ्यास केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनीच केली, आणि त्यासाठी हस्तलिखितांच्या पाठभेदांचं सगळं किचकट काम स्वतः केलं. शेजारच्या विषयात ते पाहुण्यासारखे गेले नाहीत, तिथले नियम शिकून गेले.

पण यावरून ‘आधी एक विषय पूर्ण, मग बाकीचे’ असा निष्कर्ष मी काढणार नाही. विषय पूर्ण होण्याची वेळ कधी येत नाही. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये पहिल्या महायुद्धानंतर इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र यांच्या शिक्षकांना एकत्र आणून समकालीन संस्कृतीचा एक सामायिक अभ्यासक्रम सुरू केला, तोही पदवीच्या सुरुवातीच्या मुलांसाठी. रूप बदलत तो आजही चालू आहे. आणि माझा स्वतःचा ठाम विश्वास असा की विषयाची पद्धत शेजारच्या विषयाशी घासल्यावर जास्त लवकर कळते. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने ‘हे कोणत्या साली म्हटलं याने काय फरक पडतो?’ असं विचारलं आणि तुम्ही फरक पडतो हे दाखवून दिलंत, तर कालक्रम का महत्त्वाचा ते त्या दहा मिनिटांत मुलांना कळेल. सनावळ्या पाठ करून ते कळत नाही.

दोन्ही गोष्टी सांभाळायला एक सोपी अट घाला. प्रत्येक विद्यार्थ्याने निबंधासाठी एक विषय ‘माझा’ म्हणून निवडावा आणि त्याचे नियम काटेकोर पाळावेत. दुसऱ्या विषयाकडे मात्र त्याने एका ठरावीक अडचणीपायी जावं. माझ्या साधनांतून अमुक कळत नाही, म्हणून मी तिकडे गेलो, असं त्याला एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर तिसरा-चौथा संदर्भ जोडण्याची त्याला गरज नाही. तीनही विषय प्रत्येक निबंधात हवेत असा आग्रह सोडून द्या.

वाचन कमी करा, अगदी निर्दयपणे. तीन विभागांच्या तीन याद्या एकत्र केल्या की कोणी काहीच वाचत नाही. आणि यादी विभागवार लावू नका. कलेचे इतिहासकार आबी वारबुर्ग यांचं ग्रंथालय १९३३ मध्ये हाम्बुर्गहून लंडनला हलवलं गेलं आणि आजही तिथे आहे. तिथली पुस्तकं चांगल्या शेजाराच्या तत्त्वावर लावलेली आहेत. तुम्ही जे पुस्तक घ्यायला जाता, त्याच्या शेजारचं पुस्तक तुमच्या प्रश्नाला अधिक उपयोगी पडावं अशी त्यामागची कल्पना. तुमच्या यादीतही प्रश्नावलीच्या शेजारी कविता आणि कवितेच्या शेजारी रूसोचं पत्र असू द्या.

तासांचं म्हणाल, तर तिघांनी प्रत्येक तासाला हजर राहण्याची गरज नाही, ते कोणाला झेपतही नाही. आठवड्यातून एक तास दोघांनी मिळून घ्या. एकाने मांडावं, दुसऱ्याने आपल्याला खरोखर पडलेले प्रश्न विचारावेत. शिक्षक एकमेकांशी असहमत होतात आणि तरी आदराने बोलतात, हे मुलांना क्वचितच पाहायला मिळतं. मतभेद त्या तासात मिटला नाही तर तसाच राहू द्या, आणि पुढच्या आठवड्यात मुलांना त्यावर पानभर लिहायला सांगा.

मूल्यमापन बदललं नाही तर बाकी सगळं वाया जाईल, कारण मुलं परीक्षेत जे विचारलं जातं तेच शिकतात. शेवटचा एकच मोठा निबंध ठेवू नका. सुरुवातीला एकाच कागदावर दोन विषयांच्या नजरेने दोन छोटी टिपणं लिहून घ्या. अंतिम निबंधात एक परिच्छेद सक्तीचा ठेवा: मला दोन विषयांची उत्तरं कुठे वेगळी आढळली आणि त्यापुढे मी काय केलं. काही निबंध तुम्ही दोघांनी स्वतंत्रपणे तपासा आणि गुणांमध्ये फरक पडला तर का पडला ते आपापसांत बोला. पहिल्या वर्षी फरक बराच पडेल. त्यातून तुमच्या गुणदानाचे निकष तयार होतील आणि ते पुढच्या तुकडीला आधीच देता येतील.

शेवटी कामाच्या भाराबद्दल, कारण चांगले अभ्यासक्रम बहुतेक वेळा इथेच बंद पडतात. दोन शिक्षक एका तासाला बसले तर तो तास दोघांच्याही खात्यावर पूर्ण धरला गेला पाहिजे. हे विभागप्रमुखांकडून सत्र सुरू होण्याआधी लेखी मान्य करून घ्या. मान्य झालं नाही तर एकत्र तास सत्रात तीन-चारच ठेवा, पण रद्द करू नका. तत्त्वज्ञानाच्या सहकाऱ्यांना सगळं एकदम सांगू नका. त्यांना रूसोचं पत्र पाठवा, तुमच्याकडची प्रश्नावली सोबत जोडा, आणि एखाद्या दुपारी तिघांनी बसून दोन्ही वाचायचं का एवढंच विचारा. साहित्याच्या सहकाऱ्यांना मात्र फोन करू नका, भेटायला जा, आणि त्या कादंबरीच्या घटनाक्रमावर त्यांचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घ्या.